शंभरपर्यंत पाठ, पण सात बटणं देता येईनात: एका मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुलगी साडेचार वर्षांची. घरात आई-बाबा, आजोबा आणि तिसरीत शिकणारा दादा. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही घरगुती तपशील गाळले आहेत. घडलं ते मात्र त्याच क्रमाने दिलं आहे.

लहान मुलांना गणिताची गोडी लागावी यासाठी मी पालकांबरोबर काम करते. ही आई माझ्याकडे आली ती एका साध्या प्रश्नावरून. मुलीला एक ते शंभर आकडे तोंडपाठ होते. पाहुण्यांसमोर ती ते एका दमात म्हणून दाखवायची. पण जेवणाच्या वेळी "सहा चमचे आण" म्हटलं की कधी चार यायचे, कधी आठ. आईला वाटायचं, लेकीचं लक्ष नसतं. बाबांचं म्हणणं, तिला कंटाळा येतो. आजोबांना यात काळजीचं काहीच दिसत नव्हतं.

घरात खेळणी भरपूर होती, तीही गणितासाठी म्हणून विचारपूर्वक आणलेली. बटण दाबलं की अंक मोठ्याने म्हणणारी पाटी, फ्रीजवर चिकटणारे चुंबकाचे आकडे, दहा तारांची रंगीत मण्यांची पाटी, मोजण्यासाठी छोट्या प्राण्यांचा डबा, लाकडी ठोकळे, सापशिडी, शिवाय टॅबलेटवरचे दोन-तीन खेळ. आईने शेवटी विचारलं, "एवढं सगळं असून हिला येत का नाही? अजून काय आणू?"

अडचण नेमकी कुठे होती

मी तिच्यासमोर बटणांचा ढीग ठेवला आणि दोन बटणं मागितली. दिली. तीन मागितली, तीही बरोबर दिली. मग म्हटलं, "आता मला सात दे." तिने मूठ भरली आणि माझ्या हातावर रिकामी केली. मी विचारलं, "ही सात आहेत का? मोजून बघ बरं." ती बोट ठेवत मोजू लागली. एका बटणावर बोट दोनदा पडलं, एक तसंच राहून गेलं. "नऊ," ती म्हणाली. "मग किती आहेत ही?" असं विचारताच तिने पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.

ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. "किती?" या प्रश्नाचं उत्तर तिच्या लेखी एक संख्या नव्हतं. तो प्रश्न ऐकला की आकडे म्हणायचे, एवढंच ती शिकली होती.

रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीमागची पाच तत्त्वं मांडली. एका वस्तूला एकच अंक द्यायचा. अंकांचा क्रम बदलायचा नाही. शेवटी उच्चारलेला अंक ही सगळ्या वस्तूंची मिळून संख्या असते. मोजणी कशाचीही करता येते. आणि सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर तेच येतं. या मुलीला दुसरं तत्त्व पक्कं येत होतं, पहिलं डळमळीत होतं आणि तिसरं तिच्या गावीच नव्हतं. शंभरपर्यंतच्या पाठांतरात फक्त दुसऱ्याची कसोटी लागते, म्हणून बाकीची उणीव झाकली गेली होती.

तिला मंद किंवा चंचल ठरवण्यासारखं यात काही नव्हतं. कॅरेन विन यांनी १९९० च्या सुमारास "मला इतक्या वस्तू दे" याच पद्धतीने लहान मुलांचा अभ्यास केला. मुलं आधी एकचा अर्थ शिकतात, मग दोनचा, मग तीनचा. या प्रत्येक पायरीला काही महिने लागू शकतात. त्यानंतर केव्हातरी मोजण्याचं मर्म कळतं आणि पुढच्या संख्या फारशा वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. ही मुलगी तीनच्या पायरीवर उभी होती.

आणखी एक पाहिलं. "सहा मोठे की नऊ?" यावर तिचं उत्तर निव्वळ अंदाजाचं होतं. तिचे आकडे क्रमाने एकामागे एक येत होते, पण ते वाढत जातात याची तिला जाणीव नव्हती.

कोणते पर्याय समोर होते

आईच्या मनात सराव पुस्तिका होती. रोज एक पान, अंक गिरवायचे, चित्रं मोजून पुढे आकडा लिहायचा. शाळेत प्रवेश घ्यायचा होता आणि शाळा हेच विचारेल ही तिची भीती खरीच होती. पण पुस्तिकेतली चित्रं हलत नाहीत. हातात घेऊन एक-एक बाजूला सारता येतं तेव्हाच मुलाला कळतं की हे मोजून झालं, ते राहिलं. बोटाची गडबड होणाऱ्या मुलीला छापील चित्रं मोजायला लावणं म्हणजे अवघड काम आधी देणं.

बाबांचा कल टॅबलेटकडे होता. त्यातला एक खेळ मी तिला खेळताना पाहिला. पडद्यावर पाच फुगे आणि खाली चार आकडे. ती पहिल्या आकड्यावर टकटक करायची, मग दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. कुठेतरी तारा चमकायचाच. न मोजता तारे मिळवायची युक्ती तिने शोधली होती, आणि युक्ती म्हणून ती हुशारीचीच होती. चुकल्यावर काहीच बिघडत नसेल तर मूल मोजायची तसदी घेत नाही.

नवा संच आणावा असाही विचार झाला. बेल्जियममधले शिक्षक जॉर्ज क्विझनेअर यांच्या रंगीत कांड्यांबद्दल आईने वाचलं होतं. एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत दहा लांब्या, प्रत्येक लांबीचा रंग ठरलेला. साधन उत्तम आहे. लाल आणि फिकट हिरवी कांडी टोकाला टोक लावून ठेवली की पिवळीएवढी लांबी भरते, म्हणजे दोन आणि तीन मिळून पाच हे डोळ्यांना दिसतं. पण या कांड्यांवर खुणा नसतात आणि त्या एक-एक करून मोजायच्या नसतात. जिला अजून सात वेगळ्या वस्तू मोजून देता येत नाहीत, तिच्यासाठी ही पुढची पायरी होती. तो बेत बाजूला ठेवला.

आजोबांचा पर्याय होता, काहीच करू नका. "खेळू दे तिला, येईल आपोआप." मला त्यांचं निम्मं म्हणणं पटलं. वयाच्या मानाने घाई नव्हती. पण आपोआप येतं ते आजूबाजूला कुणी मोजत असेल, बोलत असेल तर. या घरात मोजण्याचं काम खेळण्यांवर सोपवलं होतं. पाटी "पाच" म्हणायची, मुलगी "पाच" म्हणायची, पण पाच वस्तू कुठेच नसायच्या.

शेवटी ठरलं ते असं: नवं काही आणायचं नाही. असलेल्यातलं बरंच काही काही काळ कपाटात ठेवायचं. रोज थोडा वेळ घरातलं कुणीतरी तिच्याबरोबर खाली बसून खेळेल. आईला हे फारच साधं वाटलं. तिने होकार दिला तो बहुधा खर्च नव्हता म्हणून.

काय केलं

पहिला निर्णय मोजायच्या वस्तूंचा. प्राण्यांचा डबा मोजण्यासाठीच आणला होता, पण वाघ हातात आला की त्याला गुहा हवी, हत्तीला पिल्लू हवं. मुलगी गोष्टीत रंगून जायची आणि मोजणी मागे पडायची. देखणी वस्तू स्वतःकडे लक्ष ओढते आणि ती ज्याची खूण आहे ते विसरायला होतं, हे ज्युडी डीलोश आणि डेव्हिड अटल या मानसशास्त्रज्ञांच्या कामातून माहीत होतं. म्हणून मोजायला एकसारखी साधी बटणं घेतली आणि प्राणी गोष्टीसाठी ठेवले. गोष्टीचा खेळ बंद करायचा नव्हता. पुढे तिनेच ठोकळ्यांची बस केली, तिच्यात पाच जागा ठेवल्या आणि सहाव्या प्राण्याला "तू पुढच्या बसने ये" म्हणून सांगितलं. त्या दिवशी आईचा फोन आला होता.

मोजताना एक नियम घातला: मोजलेलं बटण सरकवून ताटलीत टाकायचं. बोट ठेवणं बंद. सुटणं आणि दोनदा मोजणं या दोन्ही चुका जवळजवळ नाहीशा झाल्या. शेवटचं बटण पडलं की मोठ्या माणसाने ताटलीभोवती हात फिरवून म्हणायचं, "पाच. ही सगळी मिळून पाच." हा हात फिरवणं मला फार मोलाचं वाटतं. "पाच" हे शेवटच्या बटणाचं नाव नाही हे शब्दांत समजावणं अवघड आहे. हाताने ते दिसतं.

दुसरा निर्णय पटाचा. पुठ्ठ्याची एक लांब पट्टी कापली, तिच्यावर सारखी दहा घरं आखली आणि डावीकडून उजवीकडे १ ते १० लिहिलं. फाशाऐवजी लाकडी ठोकळा घेतला आणि त्याच्या तीन बाजूंना एक ठिपका, तीन बाजूंना दोन ठिपके काढले. दान पडेल तेवढी घरं सोंगटी पुढे न्यायची, दहावर आधी पोहोचेल तो जिंकला. रॉबर्ट सीगलर आणि गीता रामानी यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चार-पाच वर्षांची, गरीब घरांतली मुलं असाच सरळ रेषेतला पट खेळली होती. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चारच बैठका. संख्यांची तुलना करणं, अंक ओळखणं, रेषेवर संख्या कुठे येईल हे सांगणं, यांत त्यांची प्रगती दिसली आणि नऊ आठवड्यांनंतरही ती टिकून होती. त्याच आकाराच्या पण अंकांऐवजी रंग असलेल्या पटावर खेळलेल्या मुलांत तसा बदल दिसला नाही. पुढे गोल पटाशी तुलना केली तेव्हाही सरळ पटच सरस ठरला. पट्टीवर संख्या जितकी मोठी तितकं अंतर जास्त, तितका सोंगटीचा प्रवास लांब, तितके उच्चार जास्त आणि तितका वेळही जास्त. मोठेपण डोळ्यांना, हाताला आणि कानाला एकदमच कळतं.

अडलं कुठे

पट सुरू झाला आणि लगेच एक गोष्ट लक्षात आली. सोंगटी तीनवर असताना दोनाचं दान पडलं की ती "एक, दोन" म्हणत पुढे जायची. सोंगटी बरोबर पाचवर पोहोचायची, नियमाप्रमाणे काहीच चुकत नव्हतं. पण चार आणि पाच हे आकडे तिच्या तोंडी आलेच नव्हते. तिने हजार डाव खेळले असते तरी ती एक आणि दोनच म्हणत राहिली असती.

एलिडा लास्की आणि सीगलर यांनी २०१४ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. शंभर घरांच्या पटावर घरातला अंक म्हणत पुढे जाणाऱ्या मुलांना जो फायदा झाला, तो दर वेळी एकपासून मोजणाऱ्यांना झाला नाही. पट तोच, खेळ तोच, फक्त तोंडाने काय म्हणायचं ते वेगळं. कोणतं खेळणं आणू, असं विचारणाऱ्या प्रत्येक पालकाला मी हे सांगते.

आता हे तिच्याकडून करवून घ्यायचं कसं? आईने पहिले दोन-तीन दिवस दर दानाला टोकलं. "असं नाही, चार म्हण, पाच म्हण." मुलगी पटावरून उठून जाऊ लागली. तेव्हा ठरलं की तिला टोकायचं नाही, मोठ्यांनी स्वतःच्या सोंगटीबद्दल मोठ्याने बोलायचं. आजोबा या कामात रंगले. "मी आहे तीनवर. दान पडलं दोन. चाऽर, पाऽच. आलो पाचवर!" तेच, त्याच सुरात, प्रत्येक वेळी. काही दिवसांनी ती आजोबांची सोंगटी सरकवताना तसं म्हणू लागली. स्वतःच्या सोंगटीला ते लागू करायला आणखी वेळ गेला.

दुसरी अडचण दादाची. तो प्रेमाने खेळायला बसायचा, पण तिच्या तोंडून आकडा निघायच्या आत स्वतः सांगून मोकळा व्हायचा. हरला तर रडीचा डाव म्हणायचा, जिंकला तर उड्या मारायचा. एकदा तिने चिडून पट भिरकावला. त्याला खेळातून वगळावं का, यावर घरात चर्चा झाली. मला ते योग्य वाटलं नाही. एकमेकांबरोबर खेळणारी भावंडं ही घरातली सगळ्यात टिकाऊ सोय असते.

त्याला वेगळं काम दिलं. एका कापडी बाहुलीला "अजून नीट मोजता न येणारी" ठरवलं आणि तिला बोलतं करायची जबाबदारी दादावर सोपवली. बाहुली मोजताना मुद्दाम चुकायची. कधी एक बटण गाळायची, कधी एकच दोनदा मोजायची, कधी पाचनंतर सात म्हणायची. चूक धाकटीने पकडायची. १९८३ मध्ये गेलमन आणि एलिझाबेथ मेक यांनी बाहुलीच्या चुका पकडायचं काम तीन ते पाच वर्षांच्या मुलांना दिलं होतं आणि मुलांनी त्या चांगल्या ओळखल्या होत्या. स्वतः मोजताना जे जमत नाही ते दुसऱ्याचं तपासताना जमू शकतं. इथेही तसंच झालं. "अगं, ते राहिलं ना!" असं ती बाहुलीला ओरडून सांगायची, आणि मग स्वतः मोजताना तिचा हात सावध होऊ लागला. दादालाही चुका रचायला मजा यायची. अवघड चूक रचायची तर त्याला नियम नीट माहीत हवेत, त्यामुळे त्याचाही विचार चालू राहिला.

तिसरी अडचण शून्याची. पट रुळल्यावर दुसरा ठोकळा केला, त्याची एक बाजू कोरी ठेवली. कोरी बाजू वर आली की सोंगटी जिथे आहे तिथेच. तिला हे अजिबात मान्य होईना. "पडलंच नाही काही, परत टाकते." आजोबांचं मत, टाकू दे, लहान आहे. आईचं मत, नियम तो नियम. मी सुचवलं की परत टाकू द्यावं, पण आधी एक वाक्य म्हणायचं: "शून्याचं दान, मी चारवरच." काही डावांनंतर परत टाकायचा हट्ट गेला आणि वाक्य राहिलं.

या काळात ठिपक्यांचे पत्तेही आले. तीन-चार वस्तूंपर्यंत संख्या मोजल्याशिवाय नजरेतच कळते. त्यापुढे मांडणीची मदत लागते. फाशावरचा पाच चार कोपरे आणि मधला एक असा दिसतो, म्हणून तो पटकन ओळखता येतो. पत्ता क्षणभर दाखवून झाकायचा आणि तेवढी बटणं मांडायला सांगायची. डॉमिनोच्या, म्हणजे दोन भागांत ठिपके असलेल्या, २८ सोंगट्या जुळवण्याचा खेळही यातूनच तिला आवडू लागला.

निष्पत्ती

साधारण तीन महिन्यांनी मी पुन्हा बटणांचा ढीग ठेवला. सात मागितली. तिने एक-एक सरकवत सात दिली आणि हात मागे घेतला. "किती आहेत?" "सात." पुन्हा मोजलं नाही. दहापर्यंत हे बिनचूक, बारा-तेराच्या पुढे गडबड. सहा आणि नऊमध्ये मोठं कोणतं हे तिने पट्टीकडे बघून सांगितलं, नंतर न बघताही. पाच बटणं ताटलीत असताना आणखी दोन टाकली तर ती "सहा, सात" म्हणत पुढे जाते. काढून घेतली तर मात्र अजून सगळी पहिल्यापासून मोजते. तीन आणि सात उलटे लिहिते, त्याची या वयात चिंता नाही.

याचं श्रेय खेळालाच द्यावं का? तीन महिन्यांत मूल वाढतंही. एका मुलीवरून ठाम सांगता येणार नाही. पण पुढचा आकडा म्हणत सोंगटी सरकवणं आणि बटणांवर पाचवरून पुढे मोजणं यांतलं साम्य मला योगायोगाचं वाटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

बाहुली पहिल्या दिवसापासून आणता आली असती. ती आली पट भिरकावल्यानंतर, भांडणावर उतारा म्हणून. पुन्हा असं मूल समोर आलं तर मी सुरुवातच तिच्यापासून करेन, कारण तिच्यासमोर मूल शिकवणाऱ्याच्या जागी बसतं.

बाबा या सगळ्यात जवळजवळ नव्हतेच. संध्याकाळची वेळ त्यांना जमत नव्हती आणि दुसरी वेळ शोधली गेली नाही. जिना चढताना पायऱ्या, कपडे घडी करताना मोज्यांच्या जोड्या, असं दोन मिनिटांचं काही त्यांच्याकडे देता आलं असतं. त्याला पटही लागत नाही.

बोलणारी पाटी कपाटातच राहिली. तीही उपयोगी करता येते असं मला वाटतं. तिने "पाच" म्हटलं की मुलीने पाच बटणं काढायची. हे करून बघायचं राहिलं. घरात तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर बटणं, मणी आणि चुंबक त्याच्या हाताला लागता कामा नयेत आणि त्यांच्याऐवजी मोठे ठोकळे घ्यावेत, हेही लेखी द्यायला हवं होतं. पाहुण्यांची लहान मुलं येतातच.

आता ती शंभर घरांच्या पटासाठी तयार होते आहे. घरातली सापशिडी आईने काढली होती, ती मी थांबवली. सापशिडीत एक ओळ डावीकडून उजवीकडे जाते, पुढची उजवीकडून डावीकडे. त्यामुळे २३ खाली असतो तिथे त्याच्या डोक्यावर ३८ येतो. त्याऐवजी दहा-दहा घरांच्या दहा ओळींचा पट आखायला दिला आहे, प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू होणारी, म्हणजे २३ च्या उभ्या रांगेतच ३३ आणि ४३ येतील. आखायचं काम दादाकडे आहे. पहिल्या दोन ओळी झाल्या आहेत.